नव्या कोंबड्या, जुनं खुराडं

या शनिवारचा विषय कोंबड्या. हसू नका, विषय गंभीर आहे.

२०२० च्या लॉकडाऊननंतर माझ्या ओळखीतल्या निदान सात-आठ जणांनी कोंबड्या पाळल्या. सगळे आपल्यातलेच, सोमवार ते शुक्रवार स्क्रीनला डोळे लावून बसणारे. कुणाचं मुळशीकडे सेकंड होम आहे, कुणाच्या आईवडिलांनी रिटायरमेंटनंतर तळेगावच्या पुढे घर बांधलंय, कुणी गावी राहून काम करायला गेला तो तिकडेच रमला. सुरुवात बहुतेकांची चार-पाच कोंबड्यांनी होते. पहिलं वर्ष मजेत जातं. पोरं अंडी गोळा करतात, फोटो निघतात, ऑफिसात डझनभर अंडी वाटून भाव खाल्ला जातो. मग एखादी कोंबडी मुंगूस नेतं, एखादी मे महिन्याच्या उन्हात जाते, एखादी नुसतीच म्हातारी होते. पाचाच्या तीन उरतात. मग एका रविवारी आठवडी बाजारातून दोन-तीन नव्या उचलल्या जातात. पाय बांधून डिकीत टाकायच्या, घरी आल्यावर पाय सोडायचे आणि खुराड्याचं दार उघडून आत ढकलायचं. "होतील हळूहळू ॲडजस्ट."

आम्ही पण मागच्या अंगणात कोंबड्या पाळतो, त्यामुळे हे वाक्य मी बऱ्याच वेळा ऐकलंय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. म्हणून माझं मत पहिल्यांदाच स्पष्ट सांगून टाकतो. ज्याला नवी कोंबडी महिनाभर वेगळी ठेवणं जमणार नाही, त्यानं ती आणू नये. तीनवर भागवावं. आणि हा प्रश्न फक्त तुमच्या खुराड्याचा नाही, शेजाऱ्यांच्या खुराड्याचाही आहे. तिथे मी येतोच, पण आधी कोंबड्या भांडतात का ते बघू.

उतरंड

ज्याला इंग्रजीत 'पेकिंग ऑर्डर' म्हणतात ती कल्पना मॅनेजमेंटच्या पुस्तकांतून आलेली नाही, खरोखरच्या कोंबड्यांवरून आलेली आहे. थोरलीफ शेल्डेरुप-एब्बे नावाचा एक नॉर्वेजियन माणूस (जन्म १८९४) लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण करत असे. कोण कुणाला चोच मारतं, कोण मुकाट्यानं बाजूला होतं, याच्या तो नोंदी ठेवायचा. त्यातून त्यानं पुढे डॉक्टरेटचं काम केलं आणि १९२२ साली ते जर्मनमध्ये छापून आलं. त्यानं दाखवलं ते असं: कळपातल्या प्रत्येक दोन कोंबड्यांमध्ये कोण वरचढ हे ठरलेलं असतं. वरची खालचीला टोचते, खालची उलट टोचत नाही. सगळ्या जोड्यांचा हिशोब मांडला की एक उतरंड तयार होते. अधूनमधून त्यात गाठी पण असतात, म्हणजे पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला आणि तिसरी पहिलीला. पण साधारण चित्र उतरंडीचंच.

आता लोकांना वाटतं की ही उतरंड म्हणजे कोंबड्यांचा दुष्टपणा. माझ्या मते बरोबर उलटं आहे. उतरंड ही भांडणं थांबवण्याची व्यवस्था आहे. एकदा ठरलं की रोज रोज भांडावं लागत नाही. सकाळी कणी टाकली की वरची पुढे येते, नुसती मान वर करून बघते आणि दुसरी दोन पावलं मागे सरते. संपलं. रक्त नाही, पिसं उडणं नाही. बाहेरून बघणाऱ्याला ही दादागिरी वाटते, पण आत शांतता असते.

ही शांतता ओळखीवर उभी असते. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून ओळखतात. जी ओळखीची नाही ती परकी, आणि परकीशी काहीच ठरलेलं नाही. म्हणून मग सगळं पहिल्यापासून.

थोडं गणित करू, सवयच आहे. पाच कोंबड्यांत जोड्या किती? दहा. त्या दहा जोड्यांचा निकाल कधीच लागलाय. तुम्ही एक नवी टाकलीत तर पाच नव्या जोड्या झाल्या, आणि पाचही ठिकाणी एका बाजूला तीच बिचारी. पाच जणी, प्रत्येकीला एकच लक्ष्य. आता एकीच्या ऐवजी एकत्र वाढलेल्या तीन आणल्यात तर नव्या जोड्या पंधरा होतात. एकूण भांडण वाढलं, पण पाच जणींचा मार तिघींत वाटला गेला आणि शिवाय त्या तिघींना आपापसातली सोबत आहे. म्हणून नियम क्रमांक एक: कधीही एकटी कोंबडी आणू नका. कमीत कमी दोन, जमल्यास तीन, आणि एकाच ठिकाणी एकत्र वाढलेल्या.

आणि या उलथापालथीची किंमत नुसती पिसांत मोजायची नसते. गुल आणि ॲली या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९४४ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही कळप त्यांनी तसेच स्थिर ठेवले आणि काही कळपांत सतत कोंबड्या बदलत राहिले. ज्या कळपांत सारखी अदलाबदल चालली होती तिथे टोचाटोची जास्त झाली, कोंबड्यांनी खाल्लं कमी, वजनात मागे पडल्या आणि अंडीही कमी दिली. वर्षातून तीनदा री-ऑर्ग करणाऱ्या कंपन्यांना हा पेपर पाठवावा असं मला फार वाटतं :)

पण तो विनोद तिथेच सोडू. कोंबड्यांवरून ऑफिसचे धडे काढणाऱ्यांचा मला खरं तर कंटाळा आहे. नवी कोंबडी म्हणजे नवा जॉइनी नव्हे. जॉइनी राजीनामा देऊ शकतो. तशीच दुसरी उपमा, 'नवी सून'. ही तर आपल्याकडे प्रत्येक जण देतो, हसत हसत. म्हणजे सुनेला टोचणं हे पण निसर्गनियमात बसवून टाकायचं! कोंबडीला बोलता येत नाही, वाटाघाटी करता येत नाहीत, म्हणून ती चोच वापरते. आपल्याकडे तो बहाणा नाही. असो, विषय भरकटला.

आजी असं काही करायची नाही

हा मला हमखास ऐकवला जाणारा मुद्दा. "आमच्या आजीकडे वीस-वीस कोंबड्या होत्या, तिनं कधी क्वारंटाईन नि फिरंटाईन केलं नाही."

खरं आहे. पण आजीकडे नव्या कोंबड्या यायच्या कुठून? बाजारातून क्वचित. बहुतेक वेळा तिची स्वतःचीच एखादी गावरान कोंबडी खुडूक व्हायची, आजी तिच्याखाली डझनभर अंडी ठेवून तिला टोपलीत रवणीला बसवायची, आणि एकवीस दिवसांनी पिल्लं निघायची. ती पिल्लं आईबरोबरच अंगणात फिरायची. एखादी कोंबडी जवळ आली की आई पिसं फुलवून अशी अंगावर जायची की मांजरसुद्धा वाट बदलेल. काही आठवड्यांनी आई त्यांना स्वतःहून दूर लोटायची, आणि तोवर ती पिल्लं सगळ्या कळपाच्या ओळखीची झालेली असायची. म्हणजे आजीच्या पद्धतीत ओळख करून देण्याचं काम होतं, फक्त ते कोंबडी करायची. ते काम आपण काढून टाकलं आणि वर म्हणतोय की आजी काही करायची नाही.

ज्यांच्याकडे खुडूक बसणारी गावरान कोंबडी आहे त्यांना माझा आजही पहिला सल्ला हाच, की अंडी ठेवा आणि एकवीस दिवस थांबा. फक्त एक हिशोब आधीच करून ठेवा. साधारण अर्धी पिल्लं कोंबडे निघतात. चार-पाच कोंबडे एका छोट्या अंगणात नांदत नाहीत, शेजारी पहाटे चारला उठायला तयार नसतात. त्या कोंबड्यांचं काय करणार, हे कापायचं असो की कुणाला द्यायचं असो, ते पिल्लं निघायच्या आधी ठरवा. पोरांनी नावं ठेवल्यावर नव्हे.

आजीच्या बाबतीतली दुसरी गोष्ट मात्र लोक सोयीस्करपणे विसरतात. त्या वीस कोंबड्यांतल्या अठरा कधीकधी एका आठवड्यात जायच्या. "मानमोडी आली" असं म्हणायचे आणि नशिबाला बोल लावून पुन्हा दोन कोंबड्यांपासून सुरुवात करायचे.

मानमोडी

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. टोचाटोचीनं फार तर एक कोंबडी जखमी होते. रोगानं अख्खं खुराडं रिकामं होतं.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. १९२६-२७ च्या सुमारास हा रोग जगात पहिल्यांदा ओळखला गेला. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला आढळला म्हणून तिकडे त्याला त्या गावाचं नाव, आपल्याकडे उत्तराखंडातल्या राणीखेतचं. लक्षणं ज्यांनी बघितलीत ते विसरत नाहीत. कोंबडी घरघर करते, हिरवट हगवण लागते, पाय-पंख लुळे पडतात आणि मान पिळल्यासारखी वाकडी होते. लस नसलेल्या कळपात जोरकस विषाणू आला तर जवळजवळ सगळ्या कोंबड्या जाऊ शकतात. उपचार नाही. औषध म्हणून जे देतात ते सगळं मनाच्या समाधानासाठी. उपाय एकच, लस.

आणि इथे गोम अशी आहे की बाजारातून आणलेली कोंबडी आणताना छान दिसते. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी दोन, कधी पंधरा. बाजारात एका डालग्यात पाच गावच्या कोंबड्या कोंबलेल्या असतात. रविवारी आणलेली कोंबडी शुक्रवारपर्यंत टुणटुणीत असेल आणि तोवर ती तुमच्या बाकीच्या तिघींबरोबर एकाच भांड्यातलं पाणी पीत असेल. शिवाय लस टोचलेली कोंबडी स्वतः आजारी न पडता विषाणू बाहेर टाकत राहू शकते. म्हणजे "विकणारा म्हणाला लस दिलीय" हे उत्तर पुरेसं नाही. राणीखेत सोडला तरी देवी आहे, रक्ती हगवण आहे, श्वासाचा जुनाट आजार आहे (हा एकदा कळपात शिरला की कोंबड्या बऱ्या दिसतात पण जंतू राहतोच), आणि पिसांतल्या उवा तर आहेतच.

आपल्या धंद्यात कुणी टेस्ट न केलेला कोड थेट प्रॉडक्शनवर टाकला तर आपण त्याला फाडून खातो. का, तर नुकसान झालं तर? आणि तिथे निदान रोलबॅक तरी असतो. मेलेल्या कोंबडीला रोलबॅक नाही.

म्हणून महिनाभर वेगळं. वेगळं म्हणजे त्याच खुराड्यात मध्ये पार्टिशन टाकून नव्हे, घराच्या दुसऱ्या टोकाला, जितकं लांब जमेल तितकं. दाणापाण्याची भांडी वेगळी. सकाळी आधी जुन्या कोंबड्यांचं आटपायचं, मग नव्यांचं. नव्यांकडे जाताना चपला वेगळ्या, आल्यावर हात साबणानं धुवायचे. विषाणू शिटेतून, भांड्यांतून, चपलांच्या तळव्यांतून फिरतो. त्याला पंख लागत नाहीत, आपण नेऊन पोचवतो. रोज दोन मिनिटं बघायचं: नाक वाहतंय का, डोळ्यांत फेस आहे का, शीट कशी आहे, तुरा लाल आहे की फिका. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं बाजूला करून उवा आहेत का ते पाहायचं. महिन्यात काही निघालं नाही तर पुढची पायरी.

शेजारच्या मावशींच्या कोंबड्या

"माझ्या कोंबड्या, माझं नुकसान, तुला काय त्याचं?" असं एका मित्रानं मला विचारलं. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर समजा.

आपली सेकंड होम्स असतात कुठे? गावाच्या कडेला. कुंपण असतं ते माणसांसाठी, कोंबड्या त्याखालून जातात. आमच्या इथे कुंपणापलीकडे एक मावशी राहतात, त्यांच्याकडे पंधरा-सोळा गावरान कोंबड्या. त्यांनी एकदा सहज बोलता बोलता सांगितलं, "दादा, अंड्यांवर माझं तेल-मीठ भागतं, पोराकडं हात पसरावा लागत नाही." त्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, आमच्या उकिरड्यावर पण येतात. उद्या माझ्या अंगणात मानमोडी आली तर ती कुंपणाशी थांबणार नाही. माझ्या तीन कोंबड्या मेल्या तर माझा एक वीकेंड उदास जाईल आणि मी सुपरमार्केटमधून अंड्यांचा ट्रे आणीन. त्यांच्या पंधरा मेल्या तर त्यांचा स्वतःच्या हातातला पैसाच गेला. छंद माझा आणि जोखीम त्यांची, हा हिशोब मला पटत नाही.

आणि रोग अंगणापुरता राहत नाही हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला पुन्हा तेच. अशा वेळी ठरावीक परिघातल्या कोंबड्या सरसकट मारतात, धडधाकट असोत वा आजारी, फार्मवरच्या असोत वा कुणाच्या परसातल्या. बर्ड फ्लू मानमोडीहून वेगळा रोग आहे आणि त्यात रानपक्ष्यांचाही हात असतो, हे मान्य. पण दोन्हीकडून घ्यायचा धडा एकच आहे: अनोळखी कळपातली कोंबडी उचलून दुसऱ्या कळपात टाकणं ही खाजगी बाब नाही.

याच कारणासाठी लसीबद्दल एक सुचवतो. राणीखेतची लासोटा लस घ्यायला गेलात तर शंभर डोसांच्या खाली बाटली सहसा मिळत नाही. पाच कोंबड्यांसाठी शंभर डोस घ्यायला जिवावर येतं, आणि एकदा पाण्यात कालवली की दोन-एक तासांत ती संपवावी लागते. बहुतेक हौशी लोक इथेच नाद सोडतात. पण हीच अडचण सोय म्हणून वापरता येते. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा, दिवस ठरवा, लस बर्फात घालून आणा आणि त्या सकाळी आख्ख्या वस्तीच्या कोंबड्यांच्या डोळ्यांत थेंब टाका. पहाटे अंधारात कोंबड्या खुराड्यात असतानाच पकडल्या तर तास-दीड तासात काम होतं. बाटलीचे पैसे आपण द्यायचे. आपल्या एका पिझ्झाचे पैसे वाचवायला त्यात जागा नाही. पुन्हा कधी द्यायची ते डॉक्टर सांगतील, ते मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून पाळायचं. रिमाइंडर लावणं हे एक काम तरी आपल्याला गावापेक्षा चांगलं येतं.

आणि कोंबड्या बाजारातून आणण्याऐवजी शक्यतो अशा ठिकाणाहून आणा जिथे लसीकरणाची नोंद मिळते. पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, पुणेकरांसाठी खडकीला आहे. पिल्लं किंवा तलंगा कधी मिळतील ते आधी विचारून घ्यावं लागतं, नंबर लावावा लागतो. थांबावं. तिथून आणल्या तरी वेगळं ठेवण्यात सूट नाही.

मग ओळख

महिना संपला, कोंबड्या ठणठणीत आहेत. आता तरी दार उघडायचं? अजून नाही.

आता नव्यांचा पिंजरा जुन्यांच्या अंगणात आणून ठेवायचा, मध्ये जाळी. दिसलं पाहिजे, चोच पोचता कामा नये. दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ ठेवायची म्हणजे खाताना एकमेकींची तोंडं दिसतात. पहिले दोन दिवस जुन्या कोंबड्या जाळीवर धावून जातील, फुगतील, मान ताठ करतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळतील. हा कंटाळा हीच आपली कमाई. आठवडाभर पुरतो, दोन आठवडे दिले तर उत्तम.

यात एक अट आहे, आकाराची. नव्या जुन्यांच्या जवळपास उंचीच्या झाल्याशिवाय एकत्र करू नका. दोन महिन्यांचं पिल्लू आणि पूर्ण वाढलेली कोंबडी ही लढत नाही, तो खून आहे. तलंग अंड्यावर यायच्या बेतात आली, तुरा लाल व्हायला लागला की वेळ बरोबर. जातही बघा. भारदस्त गिरिराज कोंबड्यांत एखादी किडकिडीत कडकनाथ सोडलीत तर ती दिसायलाही वेगळी आणि वजनालाही कमी, तिला जास्त दिवस द्यावे लागतात.

दाण्याचा एक बारकावा: अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या लेयर फीडमध्ये कॅल्शियम भरपूर असतं आणि ते वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. सगळ्या एकत्र खाणार असतील तर सगळ्यांना ग्रोअर फीड द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज आहे ती बरोबर जाऊन खाते.

मग एका शनिवारी सकाळी जाळी काढायची. शनिवार का, तर दिवसभर तुम्ही घरी असता. मोकळ्या अंगणात सोडायचं, खुराड्यात नाही, कारण खुराड्यात पळायला जागा नसते. दाण्याची दोन-तीन भांडी, पाण्याची दोन, सगळी लांब लांब, म्हणजे एकच दादा सगळ्यांवर पहारा ठेवू शकत नाही. आडोसे हवेत: एखादी उभी केलेली फळी, फांद्यांचा ढीग, जुनी खुर्ची. पण दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येईल असे, नाहीतर आडोशाचा सापळा होतो. कोबीचा अख्खा गड्डा दोरीला बांधून टांगला तर सगळ्यांना काम मिळतं.

"रात्री गुपचूप काठीवर नेऊन ठेवा, सकाळी त्यांना वाटतं ह्या इथल्याच," हा सल्ला तुम्हाला शंभर जण देतील. रात्री भांडण होत नाही हे खरं, कारण कोंबडीला अंधारात दिसत नाही. पण सकाळी दिसतं! आणि तेव्हा सगळ्या बंद खुराड्यात असतात आणि तुम्ही झोपेत. आधी जाळीआडची ओळख झाली असेल तर रात्रीची युक्ती उपयोगी पडते. ओळखीच्या ऐवजी तीच वापरलीत तर कोंबडं झाकून तांबडं थांबवण्यातलाच प्रकार.

दया कुठे दाखवायची

यापुढचा भाग शहरी माणसाला सगळ्यात जड जातो. जाळी काढल्यावर टोचाटोची होणारच. एक पाठलाग करेल, दुसरी किंचाळत पळेल, दोन-चार पिसं उडतील. आणि आपण काय करतो? धावत जातो, नव्या कोंबडीला उचलून घेतो, पोटाशी धरतो, पुन्हा पिंजऱ्यात ठेवतो. संध्याकाळी पुन्हा सोडतो. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी जो निकाल लागायच्या बेतात होता तो आपण अर्ध्यावर थांबवतो आणि भांडण पहिल्यापासून सुरू करायला लावतो. ही दया नव्हे. आपल्याला बघवत नाही म्हणून केलेली आपली सोय आहे.

माझी फूटपट्टी साधी आहे. रक्त दिसलं तर लगेच हस्तक्षेप, एक मिनिटही थांबायचं नाही, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या पण तिथेच टोचत सुटतात. एखादीला दाण्या-पाण्यापर्यंत पोचूच देत नसतील तर हस्तक्षेप. एखादी कोपऱ्यात डोकं खुपसून बसली आणि तासन् तास हललीच नाही तर हस्तक्षेप. बाकी सगळ्याला हात खिशात. खुर्ची टाकून चहा प्या.

आणि हस्तक्षेप करायचा तर उचलायचं कुणाला? आपण मार खाणारीला उचलतो. चूक. मारणारीला उचला. जी सगळ्यात जास्त छळते तिला तीन-चार दिवस नजरेआड वेगळं ठेवा. तोवर बाकीच्यांचं आपापसात ठरून जातं, आणि ती परत येते तेव्हा तिलाच आपली जागा नव्यानं मिळवावी लागते. जोर निम्मा झालेला असतो. जखमी कोंबडीला मात्र जखम पूर्ण सुकेपर्यंत वेगळं ठेवावंच लागतं, शक्यतो जाळीपलीकडे, म्हणजे ओळख मोडत नाही.

जागेचं गणित पण दयेतच मोडतं. खुराड्यात कोंबडीमागे चार चौरस फूट, बाहेर मोकळ्या जागेत त्याच्या दुप्पट तरी. पाचांसाठी बांधलेल्या खुराड्यात आठ कोंबल्या तर कुठलीही पद्धत वापरा, मारामारी संपणार नाही. तिथे दोष कोंबड्यांचा नसतो. आणि एप्रिल-मेमध्ये हा उद्योग अजिबात करू नका. उन्हानं आधीच धापा टाकणाऱ्या कोंबड्यांना वर भांडण परवडत नाही. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात बरे.

एवढं सगळं तीन कोंबड्यांसाठी?

हो. हिशोब मांडला तर महिना वेगळं ठेवण्याचा, एक-दोन आठवडे जाळीचे, आणि मग दहा-पंधरा दिवस नवी उतरंड बसायला. म्हणजे दोन महिने. त्या दोन महिन्यांत अंडी कमी मिळतील, रोज सकाळी दोन ठिकाणी शीट साफ करावी लागेल, वीकेंडला बाहेर जायचं तर कुणाला तरी सांगून जावं लागेल. कुणी म्हणेल हे जास्त आहे. चालेल, मग आणू नका. तीन कोंबड्या आनंदात जगतात, त्यांना आणखी कोंबड्यांची गरज नसते, गरज असते ती आपल्याला. (एकच उरली असेल तर मात्र तिला सोबत हवी, कोंबडी एकटी राहणारा प्राणी नाही. तिला एखाद्या ओळखीच्या, निरोगी कळपात देता आलं तर तोही चांगला मार्ग आहे. अर्थात त्या कळपासाठी नवी कोंबडी तीच, तेव्हा सगळे नियम तिलाही लागू.)

आपली पिढी कोंबड्या पाळायला लागली याचा मला आनंदच आहे. अंडं कुठून येतं हे पोरांना कळतं, ओला कचरा जिरतो, खत मिळतं. पण गावात जाऊन गावाची एक गोष्ट उचलायची आणि तिच्याबरोबरची जबाबदारी तिथेच ठेवून यायची, हे बरं नाही. कोंबडी दीडशे-दोनशे अंडी वर्षाला देते आणि बदल्यात फार मागत नाही. ओळख व्हायला थोडा वेळ मागते, एवढंच.

तेव्हा मंडळी, उद्या रविवार. बाजारात तलंगा दिसतील, छान दिसतील, स्वस्त पण असतील. भाव विचारण्याआधी स्वतःला एकच विचारा: दुसरा पिंजरा कुठे ठेवणार? उत्तर नसेल तर भाजी घ्या आणि घरी या.